सुट्टीत स्मशानात

आत्याला व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर सांगितलं की आज दिवसभर स्मशानात होते, तर पलीकडे दोन सेकंद शांतता. मग हळूच, "कोण गेलं गं?" म्हटलं कोणी नाही गेलं, मी फिरायला गेले होते. "सुट्टीत? एवढे पैसे घालून तिकडे जाऊन?" स्मशानाला तिकीट नाही, फुकट असतं, किल्ल्याला मात्र आहे आणि चांगलं दणदणीत आहे, असं सांगितल्यावर तिला जरा पटल्यासारखं वाटलं. आमच्या घरात फुकट या शब्दाला वजन आहे.

झालं असं की जूनमध्ये नवऱ्याचं एडिंबराला नऊ दिवसांचं ऑफिसचं काम निघालं. राहायची सोय त्यांची, म्हणजे माझा खर्च फक्त विमानाच्या तिकिटाचा, मग कशाला सोडा. तो सकाळी साडेआठला बाहेर पडायचा ते सहाला उगवायचा, त्यात तिकडे जूनमध्ये रात्री दहापर्यंत लख्ख उजेड, त्यामुळे मी अख्खा दिवस मोकाट. पहिल्या दिवशी सगळ्यांसारखा किल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारतच नाही. समुद्रावरून धुकं येतं, त्याला तिकडे 'हार' म्हणतात, घरमालकीण चहा ओतता ओतता म्हणाली आज हार आहे आणि मला आपला गळ्यातलाच आठवला. आता धुक्यात व्ह्यू पॉइंट तर बघता येत नाहीत, म्हटलं गल्ल्या तरी फिरू.

जुनं एडिंबरा एका लांबट टेकडीच्या पाठीवर बसलंय. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला होलीरूडचा राजवाडा आणि मध्ये उतरत जाणारा एकच मोठा रस्ता, रॉयल माइल. खाऊन झालेल्या पापलेटाचा काटा डोळ्यासमोर आणा. मधला रस्ता म्हणजे मधला काटा आणि दोन्ही बाजूंना फुटलेले बारीक काटे म्हणजे तिथल्या गल्ल्या, ज्यांना ते क्लोज म्हणतात. काही क्लोज इतके अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला पाठ लावायची. नावं वाचत गेले आणि पुण्यात असल्यासारखं वाटायला लागलं. फ्लेशमार्केट क्लोज, म्हणजे इथे मटणाचा बाजार. ओल्ड फिशमार्केट क्लोज, बेकहाउस क्लोज, शुगरहाउस क्लोज. कॅन्डलमेकर रो, कारण चरबीच्या मेणबत्त्या करणाऱ्यांचा वास नको आणि आगीची भीती म्हणून त्यांना गावाच्या कडेला बसवलेलं. आपली तांबट आळी, बुरुड आळी, शिंपी आळी, तोच कारभार. वर्ल्ड्स एंड क्लोज म्हणजे शब्दशः जगाचा शेवट, कारण तिथे गावाची वेस होती, तिचा दरवाजा १७६४ मध्ये पाडला, पण तो कुठे उभा होता ते दाखवणाऱ्या पितळी पट्ट्या अजून भर रस्त्यात बसवलेल्या आहेत, वरून बस जातात. वेशीबाहेर जग संपतं ही कल्पना मला अजिबात परकी वाटली नाही, आमच्या शेजारच्या काकांचं जग लकडी पुलापाशी संपायचं.

सगळ्या नावांत एक वेगळं सापडलं, मेरी किंग्ज क्लोज. बाकी बहुतेक गल्ल्या धंद्यांच्या नाहीतर जमीनजुमला असलेल्या पुरुषांच्या नावाच्या, ही एका विधवा बाईच्या. १६३०च्या दशकात ती तिथे राहून कापडाचा व्यापार करायची. पुढे १७५३ मध्ये गल्लीच्या डोक्यावर रॉयल एक्सचेंजची इमारत बांधायला घेतली, वरचे मजले पाडले आणि खालचे तसेच पायाला वापरून टाकले, त्यामुळे ती गल्ली आज जमिनीखाली आहे आणि तिकीट काढून बघावी लागते. मी काढलं. आत अंधार, ओल, आणि एक पोरगेलासा गाइड नाटकी आवाजात प्लेगच्या गोष्टी सांगत होता. बाईबद्दल फार काही मिळालं नाही. पण नाव राहिलंय हे डोक्यात बसलं.

आता स्मशानाकडे कशी वळले ते. सेंट जाइल्स चर्चच्या मागे पार्किंग आहे. तिथे २३ नंबरच्या पार्किंगच्या जागेखाली जॉन नॉक्स पुरलेला आहे असं मानतात. स्कॉटलंडमध्ये प्रॉटेस्टंट धर्म रुजवणारा हा माणूस, १५७२ मध्ये गेला, केवढा दरारा होता त्याचा, राणीला तोंडावर सुनावायचा. तेव्हा तिथे चर्चची दफनभूमी होती, नंतर ती गेली, वर फरशी आली, फरशीवर गाड्या आल्या. जमिनीत एक लहानशी खूण आहे तेवढीच. मी खूण शोधत वाकून फिरत होते तर एका गृहस्थांना वाटलं माझं काही पडलंय, तेही शोधायला लागले. थडगं शोधतेय म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, मग ग्रेफ्रायर्सला जा ना, तिकडे भरपूर आहेत.

ग्रेफ्रायर्स कर्कयार्ड. कर्क म्हणजे चर्च. १५६२ मध्ये जुन्या मठाची ही बागेची जमीन गावाला दफनासाठी मिळाली. आत शिरलं की उतारावर हिरवंगार गवत, आणि भिंतीला टेकून दोन-दोन पुरुष उंचीची दगडी थडगी, त्यांवर कवट्या, हाडांची फुली, वाळूचं घड्याळ, पंख असलेली लहान मुलांची तोंडं. कॅन्डलमेकर रोच्या बाजूला तर गंमतच आहे, घरांच्या मागच्या भिंती हीच दफनभूमीची भिंत, थडगी सरळ घरांना टेकलेली. एका थडग्याच्या अगदी वर कोणाच्या तरी किचनची खिडकी होती. खाली सतराव्या शतकातली कवटी दात विचकतेय, आणि तिच्या डोक्यावर खिडकीत भांडी घासायच्या लिक्विडची हिरवी बाटली, घासणी, आणि पालथे घातलेले दोन मग. तेवढ्यात आतून एका हाताने खिडकी उघडली, बहुतेक फोडणीचा धूर झाला असावा (फोडणी नसेल, पण धूर होता), आणि पुन्हा बंद झाली. आमच्याकडे स्मशानाच्या बाजूची खिडकी असती तर त्या फ्लॅटचा भाव निम्मा झाला असता आणि वास्तुवाल्याने उरलेला निम्मा खाल्ला असता.

तिथेच लोखंडी पिंजरे दिसले. जमिनीवर आडवे, पलंगाएवढे, जाड गजांचे. आधी वाटलं मेलेला बाहेर येऊ नये म्हणून असतील, आपण लहानपणी ऐकलेल्या भुतांच्या गोष्टींचा परिणाम. उलटं होतं. जिवंत आत जाऊ नयेत म्हणून. एडिंबरा तेव्हा वैद्यकीय शिक्षणासाठी प्रसिद्ध, शिकायला पोरं ढिगाने यायची आणि फाडून शिकायला प्रेतं मिळायची मोजकी, कायद्याने जवळजवळ फाशी गेलेल्यांचीच. मग रात्री ताजी थडगी उकरून प्रेतं विकायचा धंदा सुरू झाला. ज्यांना परवडायचं ते हा पिंजरा, मॉर्टसेफ, लावायचे. काही आठवड्यांनी आतलं शरीर कुजून डॉक्टरांच्या कामाचं राहिलं नाही की पिंजरा काढून पुढच्याला. बऱ्याच ठिकाणी ते चक्क भाड्याने मिळायचे. सेंट कथबर्ट्स चर्चच्या दफनभूमीत तर १८२७ चा गोल बुरूज आहे, पहारेकऱ्यांसाठी बांधलेला, आपण शेतात माळा बांधून जोंधळा राखतो तशी माणसं राखायची.

बर्क आणि हेअर या जोडगोळीने तर उकरायचे कष्टच वाचवले. १८२८ मध्ये त्यांनी सोळा माणसं मारली आणि डॉक्टर नॉक्स नावाच्या शरीरशास्त्राच्या मास्तरला विकली. सुरुवात झाली ती हेअरच्या लॉजमध्ये आजारपणाने मेलेल्या एका म्हाताऱ्यापासून, त्याचं भाडं थकलं होतं म्हणून वसूल केलं. साडेसात पौंड मिळाले आणि चटक लागली. पकडल्यावर हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला २८ जानेवारी १८२९ ला जाहीर फाशी, आणि शिक्षेचा पुढचा भाग म्हणजे त्याचं प्रेत फाडण्यासाठी देणे. त्याचा सांगाडा अजून एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे. १८३२ मध्ये कायदा बदलला, बेवारस प्रेतं कॉलेजांना मिळायला लागली आणि चोरांचं दुकान बसलं. बेवारस म्हणजे कोण, तर गरीब, गरीबखान्यात किंवा हॉस्पिटलात मेलेले. श्रीमंताच्या पिंजऱ्याचं भाडं वाचलं एवढाच फरक, असं माझं मत.

गर्दी मात्र पिंजऱ्यांपाशी नसते, कुत्र्यापाशी असते. बॉबी, एक झुपकेदार केसांचा लहानसा टेरियर. मालक जॉन ग्रे, पोलिसांचा रात्रपाळीचा पहारेकरी, १८५८ मध्ये गेला, आणि गोष्ट अशी सांगतात की त्यानंतर चौदा वर्षं, १८७२ मध्ये मरेपर्यंत, बॉबी त्या थडग्यापाशी बसून राहिला. खरं किती खोटं किती यावर तिकडेही वाद घालतात. रायगडावरचा वाघ्या आठवलाच, आणि त्याच्यावरून आपल्याकडे झालेली भांडणंही आठवली. बॉबीच्या दगडापाशी लोक काठ्या ठेवतात, त्याने खेळायला. बाहेर त्याचा पुतळा आहे, शुभ म्हणून नाक चोळून चोळून पर्यटकांनी पिवळंधमक केलंय, महापालिका नका चोळू म्हणून विनवते पण ऐकतोय कोण.

भुतांच्या टूरही निघतात संध्याकाळी. मला ते आवडलं नाही. एका कुलूपबंद फाटकाच्या आत ते लोकांना नेऊन किंचाळायला लावतात, त्या बाजूला १६७९ मध्ये बंड करणारे सुमारे १२०० कैदी उघड्यावर डांबून ठेवले होते, महिनोन्महिने, स्कॉटलंडच्या थंडीत. धर्माच्या कारभारात राजाची ढवळाढवळ नको एवढंच त्यांचं म्हणणं. आता तिथे भूत शोधतात. त्याच भागात जेम्स हटन आहे, पृथ्वी बायबलच्या हिशेबाने काही हजार वर्षांची नसून कल्पनेबाहेर जुनी आहे हे खडक बघून ओळखणारा माणूस. १७९७ मध्ये गेला आणि त्याच्या जागेवर नावाची पाटी लागली १९४७ मध्ये. दीडशे वर्षं! लाखो वर्षांच्या हिशेबात विचार करणाऱ्याला काय फरक पडणार म्हणा.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी प्रसिद्ध लोकांचा नाद सोडला आणि कोणाचीही थडगी वाचायला लागले. वाचायची म्हणजे सोपं काम नाही. तिथला दगड वालुकाश्म, पापुद्रे सुटतात, वर शेवाळ, अक्षरं झिजून सपाट. समोरून बघितलं तर काही कळत नाही. घासायचं तर मुळीच नाही, दगड जातो. मग मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि तो समोर न धरता दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने, तिरका धरायचा. उजेड आडवा सरकला की खाचांत सावली पडते आणि एकदम अक्षरं उठून दिसतात, आधी एक आकडा, मग एक नाव, जसं जुन्या पाटीवर पुसलेलं गणित दिसावं. ढगाळ दिवशी हे फार छान जमतं, आणि तिकडे ढगाळ दिवसांना तोटा नाही. ओल्या गवतात गुडघे टेकून माझ्या दोन्ही जीन्स कायमच्या हिरव्या झाल्या.

आणि असं वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली, आधी वाटलं मीच चुकीचं वाचतेय. नवऱ्याचं नाव, त्याचा धंदा, मर्चंट, बेकर, वकील, आणि खाली त्याची बायको, पण तिचं आडनाव वेगळंच. पुढच्या दगडावर तेच. त्याच्या पुढच्यावरही. घरमालकिणीला विचारलं तर तिला माझ्या आश्चर्याचंच आश्चर्य वाटलं. स्कॉटलंडमध्ये जुनी पद्धतच अशी, बाई लग्नानंतरही कागदोपत्री आपल्या बापाच्या आडनावाने राहायची आणि दगडावर तर राहायचीच. नवरा आधी गेलेला असेल तर तिच्या नावापुढे 'रेलिक्ट' असा शब्द. म्हणजे मागे उरलेली. हे वाचून मात्र हसू आलं नाही, आपलं गं. भा. आठवलं. गंगा भागीरथी म्हणायचं आणि कुंकू पुसायचं. पण रेलिक्ट झाली तरी पुढे नाव तिचं होतं, जन्मल्यापासूनचं, आडनावासकट.

माझ्या आजीचं जन्माचं नाव काय होतं? वडिलांच्या आईचं. मी तिथेच ओल्या कट्ट्यावर बसून आठवायला लागले. सासरचं माहीत होतं, ल वरून सुरू होणारं, अगदी त्या काळातलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने नवीन नाव लिहायचं, मग ते वाचायचं, पेढे वाटायचे, आणि तांदूळ गोळा करून ठेवायचे. त्या आधीची तेरा-चौदा वर्षं तिला ज्या नावाने हाका मारल्या ते कुठे गेलं? मला माहीत नव्हतं. माझ्या पंचेचाळीस वर्षांत मी कधी विचारलं पण नव्हतं.

आपल्याकडे दगड नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, लिंगायत समाजात दफन करतात, लहान बाळं पुरतात, संन्याशाची समाधी असते, गावोगावी वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत (तिथेही बाईला बहुतेक एक कोपरात वाकवलेला हात मिळतो, बांगड्यांसकट, नाव नाही). पण आमच्यासारख्या घरांत जाळायचं, अस्थी नदीत सोडायच्या, संपलं. मला ते आवडतं खरं तर. जागा अडवून बसायचं नाही. नावं राहतात ती श्राद्धाला, बाप, आजा, पणजा, वसु, रुद्र, आदित्य, तीन पिढ्या, चौथा आत आला की वरचा एक बाहेर. लिहून ठेवलेली असतात ती क्षेत्राच्या ठिकाणी. बाबा गेल्यावर मी आणि भाऊ नाशिकला गेलो होतो, रामकुंडावर. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आतून लाल कापडात बांधलेली लांबोडकी वही आणली. पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबून बोट ठेवलं, हे तुमचे पणजोबा. मोडीत होतं, मला वाचता येईना, सही मात्र सही आहे हे कळलं, शेवटी एक रागावल्यासारखा फराटा. अंगावर काटा आला होता. बायकांची नावं पण होती त्यात, नाही कशाला म्हणू. पण सगळी तांदळातली.

कॅननगेटच्या दफनभूमीत मी दोनदा गेले. ॲडम स्मिथ तिथे आहे, १७९० मध्ये गेला, अर्थशास्त्रवाल्यांनी जाऊन यावं. मला बघायचा होता रॉबर्ट फर्ग्युसन. कवी, १७७४ मध्ये चोविसाव्या वर्षी वेड्यांच्या इस्पितळात गेला, जागेवर दगड नाही, काही नाही. बारा वर्षांनी रॉबर्ट बर्न्स एडिंबराला आला, तोवर तो स्वतः मोठा कवी झालेला, त्याने बघितलं आणि स्वतःच्या खर्चाने दगडाची ऑर्डर दिली. दगडवाल्याने बसवायला दोन वर्षं लावली. मग बिल पाठवल्यावर बर्न्सने पैसे द्यायला दोन वर्षं लावली आणि पत्रात लिहिलं की आता आमची फिटंफाट. मला हे वाचून फार बरं वाटलं, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचं आणि कवीचं तिकडेही असंच आहे. त्याच आवारात एका भिंतीवर एका बाईचा चेहरा आहे, खाली नाव क्लॅरिंडा. हे तिचं खरं नाव नव्हे. ती ॲग्नेस, बर्न्स आणि ती एकमेकांना पत्रं लिहायचे, ती लग्न झालेली असल्यामुळे पत्रांत खोटी नावं घेतलेली. तिला आयुष्य मिळालं १८४१ पर्यंत, ऐंशीच्या घरात गेली, आणि दगडावर मोठ्या अक्षरात राहिलं ते पुरुषाला पत्र लिहिताना घेतलेलं नाव. ओळखीचं वाटलं जरा.

ओल्ड कॅल्टन दफनभूमीत तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं गोल दगडी दालन आहे, त्याने मृत्युपत्रात सांगून ठेवलं होतं की फक्त नाव, जन्माचं साल आणि मृत्यूचं साल लिहा, बाकी काय लिहायचं ते पुढच्यांनी बघावं. त्याच्या शेजारी चक्क अब्राहम लिंकनचा पुतळा, अमेरिकन यादवीत लढलेल्या स्कॉटिश सैनिकांसाठी १८९३ मध्ये उभारलेला. ही दफनभूमी मधोमध चिरून एकोणिसाव्या शतकात रस्ता काढला आणि मधल्यांची हाडं उचलून पलीकडे नवीन जागेत नेली. रोड वायडनिंगमधून मेलेला माणूस पण सुटत नाही.

आणि डीन सिमेट्रीत, झाडांच्या गर्द सावलीत, बॉम्बे, मद्रास, बेंगॉल सारखं भेटत राहतं. कोपऱ्यात एच. ई. आय. सी. एस. अशी अक्षरं, म्हणजे ऑनरेबल ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी. ऑनरेबल! असो. लहानपणी शाळेच्या सहलीला महाबळेश्वरला गेलो की गोऱ्यांची जुनी थडगी दिसायची, मास्तर घाईघाईने पुढे हाकायचे. मालकम पेठ ज्याच्या नावाची तो जॉन माल्कम पण स्कॉटिशच. इकडून निघून तिकडे मेलेल्यांचं दुसरं टोक मी आता बघत होते, आईबापांच्या दगडावर शेवटी जोडलेली एक ओळ, मुलगा, वय बावीस, बॉम्बेला वारला. तिकडे महाबळेश्वरला एकटा दगड, इकडे एक ओळ.

एक दगड मात्र मी शेवटच्या दिवशी पुन्हा जाऊन बघितला. मोठा, माझ्या उंचीचा. वर बाप, मग त्याची बायको तिच्या आडनावासकट, मग तीन मुलं, एक अकरा महिन्यांचं, एक चार वर्षांचं, एक नऊ. आणि त्याखाली अर्धा दगड कोरा. गुळगुळीत, कोरायला तयार करून ठेवलेला. बाकीच्या मुलांसाठी सोडला असणार. ती आलीच नाहीत. कॅनडाला गेली, बॉम्बेला गेली, की पैसे नव्हते, कोण जाणे. मी सवयीने त्या कोऱ्या भागावरही टॉर्च तिरका धरून बघितला. काही नव्हतं, एक गोगलगाय होती.

त्या संध्याकाळी आत्याला फोन केला, तिकडे साडेदहा झाले होते, झोपायच्या तयारीत होती. विचारलं, आजीचं माहेरचं नाव काय? म्हणाली, आडनाव ना? म्हटलं नाही, नाव, जन्माचं. बराच वेळ काही बोलली नाही. "अगं, आम्ही तिला आई म्हणायचो." मग म्हणाली मामा असते तर सांगितलं असतं, मामा जाऊन वीस वर्षं झाली. मग तिकडे थंडी आहे का, मोजे घालतेस ना, वगैरे. फोन ठेवता ठेवता एकदम म्हणाली, "थांब. माळ्यावर डबा आहे. तिच्या लग्नातला, पितळी. बाकीची भांडी मोडीत घालून स्टील घेतलं तेव्हा तिने तेवढा एक घालू दिला नव्हता. त्याच्यावर काहीतरी घातलेलं आहे."

भांड्यावर नाव. मला स्वतःचंच हसू आलं. नऊ दिवस मी परक्यांचे दगड वाचत हिंडले आणि आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात शंभर कोरीव लेख ताटाळ्यात उभे असतात, कोणी, कोणाला, कशानिमित्त, तारखेसकट. चुलतभावाच्या मुंजीत मला मिळालेल्या वाटीवर तर अजून त्याचं नाव आहे, आणि तो आता टेक्सासला असतो. भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस बसलेला असायचा, मांडीवर पातेलं, हातात बारीक छिन्नी आणि हातोडी, टिक टिक टिक टिक, ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालायचा, आता मशीन आलं.

परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी वाईला गेले. माळ्यावर चढायला शिडी, शिडी धरायला आत्या, आत्याला धरायला शेजारची मुलगी. डबा सापडला, काळाठिक्कर, आत जुन्या लाइट बिलांची गड्डी. खाली आणून आत्याने लगेच चिंच काढली, मी ओरडलेच, घासू नको! सत्तर-ऐंशी वर्षं चिंच आणि राख लावून घासलेला तो, त्यानेच तर अक्षरं गेली. दार लावलं, दिवा घालवला, आणि टॉर्च डब्याच्या अंगाला चिकटवून आडवा धरला. ठिपके उठले. चि. सौ. कां. हे स्पष्ट. म्हणजे नवरीसाठी, लग्नाच्या आधीच घातलेलं, तांदळाच्या आधी. मधली अक्षरं बोटांनी धरायची जागा, त्यामुळे पार गुळगुळीत. पुढे, हिस मामांकडून. साल नाही.

मधलं पहिलं अक्षर गो. ते नक्की, काना-मात्रा दिसते, मी तीन बाजूंनी उजेड टाकून बघितलं. त्याच्या पुढे एक उभी रेघ आणि पोटात काहीतरी गोल. मी म्हणते गोदा. आत्या म्हणते ती रेघ पहिल्या वेलांटीची आहे, गोपिका. डबा आता तिच्याकडे देवघराशेजारी असतो, आणि गुरुवारी फोन केला की ती आधी सांगते, आज पुन्हा बघितलं, पिच आहे तो.